लेकीचं जेवण सुटत चाललंय – खाण्याच्या आजारावर मदत कुठे मिळेल?

ओसरी | १४ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही कोल्हापूरला असतो. मुलगी पंधरा वर्षांची, आता दहावीत.

गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं. आधी म्हणाली, "आई, मी साखर बंद करणार." मला बरंच वाटलं, मीही चहातली साखर कमी केली. मग भात गेला, मग चपातीवरचं तूप, मग चपातीच. संक्रांतीला पाहुण्यांनी दिलेला तिळगूळ तिने मुठीत तसाच धरून ठेवला आणि ते गेल्यावर फ्रीजवर ठेवून दिला. तेव्हा मनात चर्रर्र झालं होतं. पण नववीची परीक्षा आली आणि विषय मागे पडला.

मागच्या आठवड्यात शाळा सुरू होणार म्हणून तिचं कपाट आवरायला काढलं. ड्रॉइंगच्या जुन्या फायलीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपात्या निघाल्या. काही इतक्या वाळलेल्या की पापडासारख्या मोडल्या. रात्रीचं ताट ती 'अभ्यास करत खाते' म्हणून खोलीत न्यायची आणि ते रिकामं परत यायचं. मी समाधानाने झोपायची.

सगळ्यात न कळणारी गोष्ट म्हणजे ती सारखी स्वयंपाकघरात असते. होळीला सगळ्या पुरणपोळ्या तिने लाटल्या, बाबांना आग्रह करकरून वाढल्या, स्वतः मात्र "नंतर खाते". रात्री उशिरापर्यंत फोनवर रेसिपी बघत बसते. मे महिन्यात स्वेटर घालून बसली होती. पाळी चार महिने आलेली नाही. फणीत केसांचा पुंजका येतो. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायला लागली की थांबतच नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. दुसऱ्या एकांनी तर तिच्यादेखत "आता छान शेपमध्ये आलीस की" म्हटलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तिचे बाबा एकदा ताट पुढ्यात ठेवून ओरडले. ती थरथरत बसली होती, घास तोंडात होता पण गिळवत नव्हता. नंतर हे बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

हे नक्की काय आहे? कुणाकडे जावं? पुण्या-मुंबईला यायचीही तयारी आहे.

(संपादन: निशिगंध यांच्या सांगण्यावरून वजनाचे आकडे काढून टाकले.)

---

निशिगंध | १५ जून, सकाळी ६:२०

ओसरीताई, रात्री तुमची पोस्ट वाचली आणि झोप लागली नाही. मी सत्तावीस वर्षांची आहे. अठराव्या वर्षापासून चार वर्षं मला अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार, होता. आज बरी आहे, हे आधी सांगते.

पहिली विनंती: वजनाचे आकडे काढाल का? तुमची काहीच चूक नाही. पण हा आजार असलेली मुलं असे धागे शोधून वाचतात आणि दुसऱ्याचा आकडा आपल्याशी ताडून बघतात. मी हेच करायचे. बाकीच्यांनीही वजन, कॅलरी, किती दिवस उपाशी, असलं काही लिहू नका, प्लीज.

दुसरी गोष्ट: त्या फायलीतल्या चपात्यांवरून तिला खोटारडी ठरवू नका. मी पुण्यात हॉस्टेलला होते. मेसचा डबा वॉचमनकाकांच्या कुत्र्याला घालायचे आणि आईला फोनवर सांगायचे, आज मटकीची उसळ होती, दोन पोळ्या खाल्ल्या. आईशी त्याआधी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. आजार बोलायला लावतो. पोटात भूक असते, प्रचंड असते, आणि डोक्यात कुणीतरी अखंड ओरडत असतं की खाल्लंस तर बघ. घास गिळवत नाही तो त्या भीतीने.

आणि "किती वाळलीस", "आता जरा भरलीस", "तब्येत सुधारली हं" यातलं काहीही कुणी म्हणू नये. बरी होत असताना एका मावशीने कौतुकाने "गाल वर आले" म्हटलं होतं. पुढचे तीन दिवस माझे वाईट गेले. घरच्यांना, शेजाऱ्यांना एकदाच बजावून ठेवा: तिच्या शरीराबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही.

---

मृगशीर्ष | १५ जून, सकाळी ८:०५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून इतकं नक्की सांगतो की वाट बघू नका. याच आठवड्यात, जमलं तर उद्याच, बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे न्या आणि 'इटिंग डिसऑर्डरची शंका आहे' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'जेवत नाही' म्हटलंत तर पुन्हा टॉनिकच मिळेल.

काय तपासून घ्यायचं ते कागदावर लिहून न्या. नाडी आणि रक्तदाब, आडवं झोपवून आणि मग उभं करून, दोन्ही. अंगाचं तापमान. ईसीजी. रक्तात सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, हिमोग्लोबिन, किडनी-लिव्हर, थायरॉईड. पचनाचा दुसरा आजार नाही ना, तेही बघतील. काट्यावर पाठमोरी उभी करून तिचं वजन घ्यायला सांगा, म्हणजे तिला आकडा दिसणार नाही. शाळेचं जुनं हेल्थ कार्ड, लसीकरणाची फाईल असेल तर न्या. ती आधी कुठल्या रेषेवर वाढत होती आणि कुठे घसरली, हे वाढीच्या तक्त्यावर लगेच दिसतं. आजचा एकटा आकडा फसवतो. आधी अंगाने भरलेली मुलगी झपाट्याने उतरली, तर 'नॉर्मल' वजनावरही ती गंभीर आजारी असू शकते.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. शरीर फार उशिरापर्यंत सांभाळून घेतं, मग एकदम कोसळतं.

थेट इमर्जन्सीला कधी न्यायचं: चक्कर येऊन पडली, छातीत धडधड किंवा दुखणं, दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली, पाणीसुद्धा घेईना, रक्ताची उलटी, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलली तर. यात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

एक धोक्याची सूचना: खूप दिवस उपाशी असलेल्या मुलीला घाबरून एकदम भरमसाट खाऊ घालू नका. शरीर अचानक साखर वापरायला लागलं की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने खाली येतं आणि हृदयाला धोका होतो. किती वेगाने वाढवायचं हे आधी तपासणीत ठरू दे. काहींना त्यासाठीच थोडे दिवस दाखल करावं लागतं.

---

जुना_पिंपळ | १५ जून, सकाळी १०:४०

मी सत्तरीचा माणूस. मुलीला माझे आशीर्वाद. रागावू नका, पण आमच्या वेळी पोरं जेवली नाहीत तर आई म्हणायची, राहू दे उपाशी, भूक लागली की येईल ताटावर. मनधरणी केली की हट्ट वाढतो. एक-दोन दिवस दुर्लक्ष करून बघा. मोबाईल मात्र आधी काढून घ्या.

---

मृगशीर्ष | १५ जून, दुपारी १:१५

काका, तुमची कळकळ समजते. हट्टाने रुसलेल्या मुलाला ते लागू पडतं. इथे ते जिवावर बेतू शकतं, कारण या आजारात उपाशी राहण्यानेच आजार वाढतो.

एक जुना प्रयोग सांगतो. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते स्वेच्छेने आले होते. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे शिकायचं होतं. या तरुणांना बारीक व्हायची कसलीही हौस नव्हती. तरी काही आठवड्यांत ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताटातल्या अन्नाचे बारीक तुकडे करून तासन्‌तास चघळत बसू लागले. थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, उदास असायचे. आणि जेवण पूर्ववत झाल्यावरही मन ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले.

ओसरीताईंनी लिहिलेल्या पुरणपोळ्या, रात्रीच्या रेसिपी, मेमधला स्वेटर आठवा. मेंदू उपाशी आहे. म्हणून 'आधी समुपदेशन, मग ती आपोआप खाईल' हा क्रम इथे उलटा पडतो. पोटात अन्न गेल्याशिवाय समुपदेशन डोक्यात शिरत नाही.

---

जुना_पिंपळ | १५ जून, दुपारी ४:३०

डॉक्टर, हे ठाऊक नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. पाककृतींचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या नात्यात एक मुलगी अशीच सुकत गेली होती, सगळे तिला नखरेल म्हणायचे. मीही म्हणालो होतो.

---

लीड्सकर | १६ जून, रात्री २:१०

ताई, आम्ही इंग्लंडमध्ये असतो. आमची मोठी मुलगी चौदाव्या वर्षी यातून गेली. इथे सरकारी सेवेत मुलांच्या खाण्याच्या आजारांसाठी वेगळी पथकं आहेत. तातडीच्या मुलाला आठवड्यात आणि बाकीच्यांना चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं त्यांचं ठरलेलं मापदंड आहे. प्रत्यक्षात वाट बघावी लागतेच, आम्हीही पाहिली. पण तिथे जे शिकलो ते कोल्हापुरातही करता येण्याजोगं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याला फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात ही पद्धत आकाराला आली, म्हणून मॉड्स्ली पद्धतही म्हणतात. इथे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या मुलांसाठी कुटुंबाला धरून केलेली थेरपीच पहिली सांगितली आहे. थोडक्यात अशी: पहिल्या टप्प्यात खाण्याचे सगळे निर्णय आई-वडील घेतात. काय, किती, कधी. मुलीला विचारायचं नाही, कारण विचारलं की उत्तर आजार देतो. वजन आणि मन सावरू लागलं की दुसऱ्या टप्प्यात एकेक निर्णय तिच्या हातात परत द्यायचा. तिसऱ्यात मग शाळा, मैत्रिणी, वयात येण्याचे बाकीचे प्रश्न. पहिल्याच बैठकीत थेरपिस्टने आम्हाला सांगितलं की हा आजार आई-वडिलांमुळे होत नाही, पण बरं करण्यात त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कुणाचा नाही. मी तिथेच हुंदके देऊन रडले. तोवर रोज रात्री स्वतःला दोष देत होते. कधीतरी मी तिच्यासमोर 'माझं पोट सुटलंय' म्हटलं असेल, तेच कारण का? कारण शोधत बसणं मी त्या दिवशी सोडलं.

आमचं घर कसं चालायचं ते सांगते. दिवसात तीन जेवणं आणि तीन मधली खाणी, घड्याळाबरहुकूम. ताट मी वाढायची. ती स्वयंपाकघरात यायची नाही, कारण तिथे आली की कढईतल्या तेलावर वाद सुरू व्हायचा. सगळं आपलंच: थालीपिठावर लोणी, वरण-भातावर तूप, शिऱ्यात काजू, दाण्याचं कूट सढळ हाताने. कमी घासांत जास्त बळ मिळेल असं. टेबलाशी आम्ही दोघांपैकी एक जण कायम तिच्या बाजूला. समोर नाही, बाजूला.

बोलायचं अगदी कमी. वाद घालायचाच नाही. तूप आरोग्याला चांगलं का, यावर एकदा दीड तास भांडले आणि भात गार झाला. नंतर तीनच वाक्यं ठेवली: "मला दिसतंय तुला त्रास होतोय." "मी इथेच आहे." "पुढचा घास." कधीकधी एका वाटीला तास लागायचा. तिने ताट भिरकावलं आहे, मला नको नको ते बोलली आहे. नवरा शांतपणे दुसरं ताट वाढून आणायचा. जेवणानंतरचा तास सगळ्यात जड जायचा, तेव्हा आम्ही पत्ते काढायचो. बदाम सात इतक्या वेळा खेळलो की पत्त्यांच्या कडा मऊ पडल्या.

आई-बाबांचं एकमत हवं. एकजण म्हणाला "राहू दे आज" की आजार त्याच फटीतून शिरतो. सासूबाईंनाही बरोबर घ्या, त्यांना बाहेर ठेवू नका.

फीस्ट नावाची पालकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर पालकांसाठी फुकट साहित्य आहे. इंग्रजीत आहे. हवं असेल ते मराठीत करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

लाल_माती | १६ जून, सकाळी ७:००

मुलीचाच विषय चाललाय, पण मुलांनाही होतं, म्हणून लिहितो. आमचा पोरगा सतरा वर्षांचा, तालमीत जातो. वजनी गटात बसायचं म्हणून स्पर्धेआधी पाणी तोडायचा, अन्न तोडायचा. सगळेच पैलवान करतात म्हणून आम्ही काही बोललो नाही. पुढे स्पर्धा नसतानाही तेच सुरू राहिलं. चार दिवस उपाशी, मग एका रात्री सगळा फ्रीज रिकामा, मग मोरीत जाऊन ओकायचं. आमच्या घरी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, कारण 'हा बायकांचा आजार'. दाढांची झीज बघून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं.

त्याला सगळ्यात जास्त ऐकू आलं ते वस्तादांचं. त्यांनी सांगितलं, "वजन धरून खेळ, वरच्या गटात खेळ, हरलास तरी चालेल, पण तोडायचं नाही." आणि डॉक्टरांचा कागद येईपर्यंत आखाड्यात उतरू दिलं नाही. मुलं खेळात असतील तर कोचला विश्वासात घ्या. आपलं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतात.

---

समईची_वात | १६ जून, दुपारी १२:२५

मी समुपदेशक आहे. मदत कुठे शोधायची, हा ताईंचा मूळ प्रश्न. महाराष्ट्रात एकाच छताखाली सगळं मिळेल अशी जागा शोधत बसलात तर महिने जातील. तिघांची मोट आपणच बांधायची: शरीर बघणारा डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि आहारतज्ज्ञ. तिघं एकमेकांशी बोलतील, एवढं पहिल्याच भेटीत कबूल करून घ्या.

आज, आत्ता, एक फोन करता येईल: टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पालकांनीही करावा, मुलांनीही करावा. जवळचा मनोविकार विभाग कुठला, हे तिथे विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयातही सेवा मिळते. तिथे जायला लाजू नका, कागदावर कमी दिसलं तरी काम होतं. ठाण्याची आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, १९९०पासून आहे आणि मराठी घरं तिला ओळखतात. फार गुंतागुंत असेल तर बंगळुरूचं निमहान्स, मानसिक आजारांचं मोठं सरकारी रुग्णालय. कोल्हापूरहून ते मुंबईपेक्षा लांब पडतं.

थेरपिस्टला बेधडक विचारा: खाण्याचे आजार असलेली किती मुलं तुम्ही पाहिली आहेत? पालकांना उपचारात घेता का? तब्येतीची तपासणी कोण बघणार? जो म्हणेल 'पालकांनी बाहेर बसावं, ती तयार झाली की खाईल', तो या वयाच्या मुलीसाठी नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नका. आहारतज्ज्ञ वजन उतरवण्याच्या क्लिनिकमधला घेऊ नका. आणि विमा असेल तर कागद काढून ठेवा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. नाकारलं तर लेखी मागा.

---

ओसरी | २३ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. मृगशीर्षदादांनी लिहिलेला कागद जसाच्या तसा घेऊन गेले. डॉक्टरांनी नाडी बघितली, पुन्हा बघितली आणि ईसीजी होईपर्यंत तिला उठूच दिलं नाही. त्याच दिवशी दाखल केलं. सहा दिवस होतो. थोडं थोडं खाणं आणि रोज रक्त तपासणं. नर्सबाई काट्यावर तिला पाठमोरी उभी करायच्या.

तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "आई, मला थांबायचंय, पण थांबता येत नाही." लोखंडी कॉटच्या कडेवर बसून मी तिचे पाय चोळत होते. बर्फासारखे होते. इतके दिवस मला वाटत होतं, हिला बरं व्हायचंच नाहीये.

घरी आलोय. पुण्याच्या एक मॅडम आठवड्याला एकदा ऑनलाइन बघणार, इथले डॉक्टर तपासत राहणार. आता खरी परीक्षा. आषाढी येतेय, मग श्रावण, आमच्याकडे सगळे उपास कडक असतात. सासूबाईंना काय सांगू?

---

समईची_वात | २४ जून, सकाळी ९:१०

त्यांना खरं सांगा. दवाखान्यातले दिवस त्यांनीही पाहिलेत. आजाऱ्याला, गरोदर बाईला, लहान मुलाला उपास नसतो, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागत नाही. उलट हे त्यांनीच तिला सांगितलं तर जास्त लागेल. उपास हे या मुलांना मिळणारं सगळ्यात सभ्य निमित्त असतं, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. माझ्याकडे येणारी एक मुलगी आठवड्यातले चार वार धरत होती आणि घर कौतुक करत होतं.

---

नाव_नको | २ जुलै, रात्री १:४७

हा आयडी आजच काढला. मी एकोणीस वर्षांची, मुंबईत शिकते. मला वाटतं मला बुलिमिया आहे, म्हणजे एकदम खूप खायचं आणि मग ओकून टाकायचं. दोन वर्षं झाली. मी बारीक नाहीये, त्यामुळे कुणाला सांगितलं तर हसतील. लाल_माती काकांनी मुलाबद्दल लिहिलंय ते वाचून पहिल्यांदा वाटलं की हे फक्त मीच करत नाही. घरी सांगू शकत नाही. आत्ता काय करू?

---

निशिगंध | २ जुलै, रात्री २:०५

मी जागी आहे. तू लिहिलंस, ही फार मोठी गोष्ट आहे.

हसणार नाही कुणी. 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव १९७९मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी दिलं. बुलिमियाचे बहुतेक जण वजनाने चारचौघांसारखेच दिसतात, म्हणून तर कुणाला पत्ता लागत नाही. राजकुमारी डायनाने १९९५च्या मुलाखतीत स्वतःच्या बुलिमियाबद्दल उघडपणे सांगितलं होतं. आपल्याकडे रिचा चढ्ढाने स्वतःच्या बुलिमियाबद्दल जाहीर बोलून दाखवलंय.

तू अठराच्या वर आहेस, म्हणजे घरी न सांगताही डॉक्टरकडे जाऊ शकतेस. आत्ता १४४१६ लाव. बोलता आलं नाही तर नुसतं 'मला खाण्याबद्दल बोलायचंय' एवढंच म्हण. उद्या कुणा एकीला सांग. रूममेट, मावशी, कुणीही.

---

मृगशीर्ष | २ जुलै, सकाळी ७:३०

बाळ, या आठवड्यात पोटॅशियम आणि ईसीजी करून घे. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि ते बाहेरून दिसत नाही. उलटी झाली तर लगेच ब्रश करू नकोस, साध्या पाण्याने चूळ भर, दात वाचतील. धडधड, पायात गोळे, चक्कर असेल तर थेट कॅज्युअल्टी. या आजारावर सीबीटी नावाच्या, विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीचा चांगला उपयोग होतो, काहींना औषधाचाही. मुंबईतल्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार ओपीडी आहे. केसपेपर काढ आणि 'बुलिमियाची शंका' एवढं सांग.

---

नाव_नको | ५ जुलै, सायंकाळी ६:४०

रूममेटला सांगितलं. ती सोमवारी केसपेपरच्या रांगेत माझ्याबरोबर उभी राहणार आहे. पोटॅशियम थोडं कमी आलंय, औषध दिलंय. निशिगंधताई, त्या रात्री तुम्ही जाग्या होतात म्हणून.

---

ओसरी | २८ ऑगस्ट, रात्री ११:१५

नाव_नको, तुझं वाचून बरं वाटलं गं. कशी आहेस ते कळव.

आमचं सांगते. जुलै फार वाईट गेला. पंचगंगेला पाणी, वीज नाही, मॅडमचं सेशन दोनदा तुटलं. एकदा तिने ताट मोरीत ओतलं. ह्यांनी दुसरं वाढलं, हात थरथरत होता, पण आवाज चढवला नाही. लीड्सकर, तुमची तीन वाक्यं मी कागदावर लिहून मिक्सरमागे चिकटवलीत.

सासूबाई आषाढीला सकाळी तिच्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझा उपास मी धरलाय. तू जेव." त्या दिवसापासून दुपारचं जेवण त्यांच्याकडे. मला दहा मिनिटांत वैताग येतो, त्या पाऊण तास शांत बसतात, मधूनमधून त्यांच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगतात. म्हशीच्या गोष्टीत चपाती संपते.

ऑगस्टमध्ये पाय गरम लागायला लागले. पाळी अजून नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. संध्याकाळचं मधलं खाणं अजून रोज भांडणाचं. आरशासमोरून जाताना मान खाली घालते. पण परवा भावाबरोबर क्रिकेटवरून कडाडून भांडली आणि त्याला उशी फेकून मारली. किती महिन्यांनी तिचा तो आवाज ऐकला.

आता एक विचारायचंय. नोव्हेंबरमध्ये शाळेची तीन दिवसांची सहल आहे. तिला जायचंय. मला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही.

---

निशिगंध | २९ ऑगस्ट, सकाळी ६:४५

आत्ता ठरवू नका. तिला सांगा, 'जायचंच धरून तयारी करू या', आणि दोन महिने पायऱ्या चढा. आधी शाळेचा डबा एका बाईंच्या शेजारी बसून. मग मैत्रिणीच्या घरी एक जेवण. मग बाहेर एक दिवस, पूर्ण तीन जेवणं आणि मधली खाणी. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या, पण वर्गाला कळता कामा नये. नोव्हेंबरला पंधरा दिवस राहिले की मॅडम आणि डॉक्टर दोघांना विचारून नक्की करा. या वर्षी नाही जमलं तर तिला वाईट वाटेल, वाटू दे, त्याबद्दल तिच्याशी बोलता येईल. माझी पहिली सहल अर्ध्यात सोडून बाबा मला घ्यायला आले होते. रात्री दोनला, गणपतीपुळ्याहून. गाडीत काही विचारलं नाही. संगमेश्वरला थांबून चहा-बिस्किटं घेतली, आणि मी खाल्ली.

---

ओसरी | २९ ऑगस्ट, सकाळी ८:०२

डब्यापासून सुरू करते. वर्गशिक्षिकेला आजच भेटते.